पंधरा मिनिटांचं ऊन

कॉलेजसाठी सोलापूर शहरात, जुळे सोलापूर भागात खोली घेऊन राहायला लागले, त्याच्या दुसऱ्या वर्षी माझ्या नडग्यांची कातडी सुटायला लागली. पांढरा कोंडा पडायचा, खाज यायची. नवी सँडल टाचेला चावली होती, ती जखम महिना झाला तरी भरत नव्हती. खोबरेल तेल लावून पाहिलं. शेवटी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी रक्त तपासायला लावलं आणि रिपोर्ट बघून हसल्याच.

"डी जीवनसत्त्व फारच कमी आहे. सोलापूरची ना तू? ऊन पुरलं नाही होय तुला?"

मग त्यांनी नीट समजावलं. ऊन पडलं की हे जीवनसत्त्व कातडीच तयार करते, आणि तिला स्वतःलाही ते लागतं. खालून येणाऱ्या नव्या पेशी नीट पक्व व्हायला, वरच्या थरानं ओल आत धरून ठेवायला, जखम भरून यायला. "पण कोरडेपणाला आणखीही कारणं असतात हं. सगळं यावरच ढकलू नकोस." गोळ्या दिल्या, मलम दिलं आणि हातपाय उघडे ठेवून रोज पंधरा मिनिटं उन्हात बसायला सांगितलं.

मी बी.एस्सी.ला आहे. यातलं थोडंफार परीक्षेत लिहूनही आले होते. तरी दवाखान्यातून बाहेर पडताना मला आठवत होती ती आई.

आमचं घर सांगोल्याकडच्या माळावर. आई मेंढरं राखते. शाळेत असताना सुट्टीच्या दिवशी मी तिच्या मागं निघाले की ती मला दारातूनच परत फिरवायची. "तू न्हाय यायचं. कॉलेजात जायाचं हाय तुला. माज्यावानी करपून जाशील." शेजारच्या मुली मात्र जायच्या. संध्याकाळी ओटीत बोरं घेऊन यायच्या आणि दिवसभरातलं काहीतरी आठवून आईसोबत हसायच्या. मी पुस्तक हातात धरून दारात उभी असायचे. कशाला हसतायत, ते मला कळायचं नाही. कॉलेजला प्रवेश झाला तेव्हा आईनं आठवडी बाजारातून मला लांब बाह्यांचा सनकोट, स्कार्फ आणि हातमोजे आणले. आमच्या घरातून कॉलेजला जाणारी मी पहिलीच. मी ते सगळं इमानानं घालत आले, अगदी रिक्षात बसतानाही.

दिवाळीच्या सुट्टीत घरी जाताना एसटीत वाक्यं जुळवत होते. आईला तिच्यावर ठपका ठेवल्यासारखं वाटू नये, आणि तरी तिनं मला सोबत न्यावं.

"आई, डॉक्टरीणबाईंनी उन्हात बसायला सांगितलंय."

"उनात बसायला? आन् त्येची फी बी घेतली व्हय?" आई आधी हसली. मग भाकरी थापता थापता थांबली. "म्हंजी मी तुला सावलीत ठिवली, त्येचंच झालं का हे?"

"नाही गं. खोलीत बसून बसून झालंय."

हे अर्धंच खरं होतं. तिनं माझ्या नडगीवरून बोट फिरवलं. "किती येळ बसायचं म्हन्ली ती?"

संध्याकाळपर्यंत, असं मला म्हणायचं होतं. ओठावर आलंही होतं.

"पंधरा मिनिटं," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिनं पहिल्यांदा मला सोबत घेतलं. मेंढरं पांगली तशी आम्ही बांधावर बसलो. "लाव बरं त्या मोबाईलात गजर," ती म्हणाली. मी बाह्या वर केल्या. उन्हानं हात हळूहळू कोमट होत गेले. एका मेंढीकडं बोट करून ती सांगायला लागली, "ती बग, लई मानभावी हाय. मी बगत आसले की लंगडती, न्हायतर..." तेवढ्यात गजर वाजला.

"झालं. ऊठ. बाह्या खाली घे आन् घरला जा."

"अजून थोडं बसते की."

"औषिद ज्यादा झालं तर चालतंय व्हय? शिकलेली ना तू?"

मी बाह्या खाली घेतल्या. तिनं मेंढरांना हाळी दिली आणि ती उताराला लागली. ती मेंढी पुढं काय करते, ते राहूनच गेलं. पुढचे सात दिवसही तसेच गेले, रोज पंधरा मिनिटं.

आता टाच भरलीय, नडग्याही बऱ्या आहेत. संक्रांतीला घरी जायचंय. आई किती वेळ बसायचं ते पुन्हा विचारेल, आणि या वेळी काय सांगायचं ते माझं अजून ठरत नाही.