ज्यांना तारीख नव्हती

आमच्या गावाने महायुद्ध जिंकलंही नाही आणि हरलंही नाही. दोन परक्या फौजा इथे येऊन भांडल्या, आमची छपरं उडवली आणि आपापले मेलेले आमच्या गळ्यात घालून निघून गेल्या. त्या मेलेल्यांना सांभाळायचं काम माझ्या आत्याच्या वाट्याला आलं. गावाबाहेरच्या युद्ध दफनभूमीत ती माळीण होती.

गावात तिला फिल्डमार्शल म्हणायचे, अर्थात तिच्या पाठीमागे. एकदा एक निवृत्त जनरल, छातीवर ही एवढी पदकं, गुलाबाला हात लावायला गेला. ही खुरपं घेऊन त्याच्या अंगावर धावली. "फूल तोडायचं नाही. पाटी दिसत नाही का?" जनरलसाहेबांनी हात मागे घेतला आणि चक्क माफी मागितली. हे मी ऐकीव सांगत नाही. त्यांना स्टेशनवरून मीच आणलं होतं, गावातली टॅक्सी माझी आहे.

टॅक्सीवाल्याला माणसं चटकन ओळखू येतात. जिंकलेल्या देशाची माणसं पुढे बसतात, खिडकी खाली करतात आणि कोणती टेकडी आपल्या काकांनी सर केली ते बोट करून दाखवतात. हरलेल्या देशाची माणसं मागे बसतात, रस्ताभर गप्प असतात आणि म्हणतात, फाटकाच्या जरा अलीकडेच उतरवा. जिंकलेल्यांचा स्मरणदिन वसंतात, बँड लावून. हरलेल्यांचा वर्षाच्या शेवटी, माना खाली घालून. युद्ध एकच, पण एकाच्या घरी ते लग्नाच्या फोटोसारखं भिंतीवर असतं आणि दुसऱ्याच्या घरी कपाटाच्या मागे.

आत्याला या जिंकण्याहरण्याचं काही सोयरसुतक नव्हतं. तिला फक्त तारीख लागायची. जिंकलेल्यांच्या तारखेला त्यांचे गुलाब भरात हवेत, म्हणून छाटणी कधी करायची ते ती हवेचा रंग बघून ठरवायची. हरलेल्यांच्या भागात शेवंती होती. तिचे शेंडे खुडून खुडून आत्या तिला त्यांच्या दिवसापर्यंत थोपवून धरायची. फुलांनी तिचा शब्द मोडल्याचं मला आठवत नाही. माणसं मोडायची, मग त्यांना बोलणी बसायची.

पण दफनभूमीला तिसराही एक भाग होता, मागच्या भिंतीलगत. तिथल्या दगडांवर नावंच नाहीत. 'एक हमाल', एवढंच कोरलेलं, प्रत्येकावर तेच. जिंकलेल्यांचं तेव्हा समुद्रापलीकडच्या एका देशावर राज्य होतं. तिथून त्यांनी ही माणसं पेट्या आणि जखमी वाहायला आणली होती. हातात बंदूक कधी दिली नाही, गोळ्या मात्र भरपूर खाऊ घातल्या. त्यांच्यासाठी कोणी येत नसे. तारीखच नव्हती त्यांना.

तारीख नाही म्हणजे कोणत्याही दिवशी कोणी येऊ शकतं, असा आत्याचा हिशेब. म्हणून त्या भागात तिने फुलांचा बारमाही राबता ठेवला होता. पिटुनिया ओसरायच्या आत डेलियाच्या कळ्या, डेलिया दमला की झेंडू, मग कॉसमॉस. सगळ्यात जास्त कष्ट तिथेच. मी एकदा म्हटलं, "आत्या, सरळ सदाफुली लाव आणि मोकळी हो. तिला ना खत लागतं ना पाणी."

"ती काय, गटाराच्या कडेलाही उगवते," आत्या फणकारली. "पाहुणे यायचेत म्हणून कोणी सदाफुली लावतं का रे? वाट बघायची तर नीट बघावी." आणि दिसेल तिथली सदाफुली ती मुळासकट उपटायची.

मग दफनभूमीवर नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, पण हातात नकाशा आला की त्यांना रिकाम्या जागाच दिसायच्या. पुढच्या वर्षी युद्धसमाप्तीचा मोठा सोहळा होता, चहूकडून बस येणार होत्या. साहेबांनी तिसऱ्या भागावर बोट ठेवलं. हे दगड काढून भिंतीपाशी एकच मोठी शिळा बसवू, जागेवर पार्किंग होईल. वरची समिती पाहणीला येणार, तिने मान डोलावली की काम सुरू.

"माणसं झोपलीत तिथं," आत्या म्हणाली.

"बाई, इतक्या वर्षांत त्यांचा एक तरी नातेवाईक आला का?"

"येईल."

"कधी?"

"ते माहीत असतं तर इतकी वर्षं रोज कशाला फुलवलं असतं?"

साहेब हसले. "समिती यायच्या आत एक तरी आणून दाखवा. मी स्वतः नकाशा बदलतो."

साहेब हे बोलून विसरले. आत्या विसरली नाही. त्या दिवसापासून येईल त्या पाहुण्याला ती तिसऱ्या भागापुढे उभं करायची आणि दुभाषा म्हणून मला मध्ये घालून विचारायची, यांच्यातलं कोणी माहीत आहे का? जिंकलेल्यांची माणसं सौजन्याने म्हणायची, "हो हो, फार इमानी लोक होते ते," आणि घड्याळ बघायची. मला त्यांचा राग यायचा. आत्या म्हणायची, "विचारत राहायचं. आपलं काय जातंय?"

शेवटी उत्तर मिळालं ते हरलेल्यांच्या बसमधून उतरलेल्या एका लंगड्या म्हाताऱ्याकडून. आत्याचा प्रश्न मी सांगितला तसा तो उभ्या जागी थिजला. त्याने टोपी काढली. म्हणाला, "यांच्यावर आम्ही गोळ्या झाडायचो. खांद्यावर स्ट्रेचर असायचं, त्यामुळे बिचाऱ्यांना पटकन आडवंही होता यायचं नाही. आणि माझा पाय गेला तेव्हा मला उचललं ते यांच्यातल्याच दोघांनी. मी शत्रूचा, हे त्यांना दिसत होतं. त्यातला एक वाटेत पडला. दुसऱ्याने मला ओढत नेलं." टोपी पुन्हा डोक्यावर चढवत तो म्हणाला, "तुम्ही थांबा. मी शोधतो."

ज्यांच्यासाठी मेले त्यांना आठवेना आणि ज्याने मारलं त्याला विसरता येईना. म्हाताऱ्याने घरी जाऊन त्या समुद्रापलीकडच्या देशातल्या वर्तमानपत्रांकडे लकडा लावला, असं नंतर कळलं. तेव्हा मात्र काहीच कळत नव्हतं. समितीचा दिवस जवळ आला आणि कोणी येईना.

तेव्हा आत्याने एक डाव टाकला. तिसऱ्या भागातली एकूण एक कळी तिने खुडून टाकली.

"अगं, हे काय?"

"थोपवून धरतेय. समिती येईल त्या दिवशी सगळं एकदम फुलवते. बघते मग कोणाची छाती होते तिथं बस उभी करायची." इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो भाग नुसता हिरवा होता. नेमकं याच दिवसांत कोणी आलं तर? पण हे फिल्डमार्शलला सांगणार कोण?

समितीच्या आधीच्या आठवड्यात स्टेशनवर एक मध्यमवयीन बाई उतरली. खांद्याला कापडी पिशवी. पुढे बसावं की मागे, हे तिला ठरवता येईना. शेवटी मीच पुढचं दार उघडलं. जिंकलेल्यांची भाषा तिला येत होती, मलाही धंद्यापुरती येते. म्हणाली, आजोबांसाठी आलेय. वर्तमानपत्रात वाचलं.

"तुमच्याकडे कधी असतो युद्धाचा दिवस?" मी सवयीने विचारलं.

"आमच्याकडे नसतो. ते आमचं युद्धच नव्हतं म्हणतात. दुसऱ्यांसाठी मेलेल्या माणसाचं नाव काढायला लोकांना लाज वाटायची." मग हसून म्हणाली, "आजी सांगायची, तुझा आजोबा ओझं पोचवायला गेला आणि परतीचा रस्ता चुकला."

मी गाडी कशी हाकली ते माझं मला माहीत.

तिसऱ्या भागात साहेब माणसं घेऊन मोजमाप करत होते. दगडांच्या मधून चुन्याच्या पांढऱ्या रेषा पडल्या होत्या. आत्या कमरेवर हात ठेवून पहारा देत उभी. ही बाई कोण ते मी सांगितलं आणि आत्याचा चेहरा खर्रकन उतरला. तिने बाईकडे पाहिलं, मग त्या हिरव्यागार, बोडक्या वाफ्यांकडे.

"आजच?" ती पुटपुटली. "अरे, सांग तिला, इथं रोज फुलं असतात. रोज. मीच खुडली गं. अक्कल गहाण टाकली मी." तिचे डोळे भरून आले होते. जनरलच्या अंगावर जाणारी माझी आत्या त्या परक्या बाईपुढे अपराध्यासारखी उभी होती.

बाई दगडांवरून नजर फिरवत होती. "यातले आजोबा कोणते?"

"ते मलाही माहीत नाही," आत्या म्हणाली. "म्हणून सगळ्यांचंच करते."

"आणि या रेषा कसल्या?"

मी साहेबांकडे पाहिलं. साहेबांना ती भाषा माझ्यापेक्षा बरी येत होती. त्यांनी टेप गुंडाळला. "काही नाही. चुकून पडल्यात," ते म्हणाले आणि आपल्या पॉलिश केलेल्या बुटाने रेषा पुसायला लागले. साहेबांबद्दल माझं मत आजही फार बरं नाही, पण तेवढं त्यांच्या नावावर आहे.

बाई भिंतीपर्यंत चालत गेली. शेवटच्या दगडामागे, भिंतीच्या फटीत, सदाफुलीचं एक रोप आत्याच्या खुरप्याला चुकवून वाढलं होतं आणि गच्च फुललं होतं. बाई वाकली. मग तिला पाटी दिसली आणि तिने हात मागे घेतला.

"आमच्याकडेही असते ही," ती म्हणाली. "कोणी लावत नाही. आपली आपण येते."

मी आत्याला सांगितलं. आत्याने खुरपं खाली ठेवलं, भिंतीपाशी जाऊन बैठक मारली आणि एकेक फूल तोडायला लागली. तिला फूल तोडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. ओंजळ भरली तशी तिने ती बाईच्या हातांत रिकामी केली.

"कुठून सुरू करू?" बाईने विचारलं.

"कुठूनही कर," आत्या म्हणाली. "यातला एक तुझा आहे. बाकीचे माझे आहेत."