बुटकी चौकट

मला बसवत नाही. पहाटे उठतो, चहा करतो आणि तो गार व्हायच्या आत चार वेळा दारापर्यंत जाऊन येतो. दारात काही नसतं. गल्ली असते, समोरच्या घरात चादरीचे माग खडखडत असतात, नळाला पाणी आलेलं असलं तर बायका भांडत असतात. परत आत येतो. खाटेवर बसतो, उठतो. मुलगा म्हणतो, "अण्णा, पायाला चाकं लावलीत का काय?" बायको जाऊन आठ महिने झाले, तेव्हापासनं हे असं आहे. आधी मी बसून राहणारा माणूस होतो. कामावरनं आलो की भिंतीला पाठ लावायची आणि जेवायला हाक येईपर्यंत हलायचं नाही.

दारापर्यंत जातो म्हणालो, पण मी दारच बघायला जातो. आमच्या दाराची चौकट बुटकी आहे. फरशीपासून वरच्या आडव्या लाकडापर्यंत पाच फूट पाच इंच. मी स्वतः पाच फूट दोन इंच, त्यामुळं मला तिथं कधी वाकावं लागलं नाही. बायको पाच फूट सहा इंच होती. लग्नात आमच्याकडची माणसं म्हणाली होती, नवरीला पाटावरनं खाली उतरवा, न्हायतर नवऱ्याला दोन पाट द्या.

मी गवंडी. शाळा चौथीपर्यंत, नंतर थापी. या गावात माझ्या हातच्या किती चौकटी उभ्या आहेत ते मला मोजता येणार नाही. आता ठेकेदार आधी भिंत उभी करतात, दाराला मोकळी जागा सोडतात आणि शेवटी चौकट स्क्रूनं बसवतात. आमच्या वेळी जोतं झालं की पहिली चौकट उभी राहायची. टेकू लावायचे, दोन्ही बाजूंनी ओळंबा सोडायचा, खांब मधे वाकू नयेत म्हणून आडवी पट्टी ठोकायची आणि मग विटांचे थर दोन्हीकडनं तिला येऊन भिडायचे. लोखंडी पट्ट्या थराथरात गाडत जायचं. अशी चौकट भिंतीतनं काढायची म्हटलं तर भिंतच फोडावी लागते. म्हणून चौकट उभी करायच्या आधी गवंड्यानं मालकाला एकच गोष्ट विचारायची असते. खाली काय टाकणार? शेणाची जमीन, कोबा, फरशी, काय ते आधी सांगा. जमीन जेवढी वर येईल तेवढी चौकट आधीच उचलून धरायची. हे न विचारता चौकट बसवली तो गवंडी नव्हे.

दुसऱ्यांच्या घरात मी हे न चुकता विचारलं. माझं घर बांधलं तेव्हा विचारलं नाही. कुणाला विचारायचं? मालक मीच. पाडकामातनं सहा फुटांची जुनी सागवानी चौकट आणली होती, ती जोत्यावर उभी केली. बायको माझ्या हाताखाली बिगारी होती, माल कालवून देत होती, चौकट धरून उभी होती. मी ओळंब्याकडं बघत "डावीकडं, थोडं डावीकडं, आता हलू नको" एवढंच बोललो. सारवलेली जमीन ठेवायची हे मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

दुसऱ्याच वर्षी ती म्हणाली, "सारवून सारवून हातं झिजली. फरशी घाला की." घातली. मुरूम, माल आणि शहाबादी फरशी मिळून जमीन सात इंच वर आली. संध्याकाळी ती डोक्यावर पाण्याची घागर घेऊन, रोजच्याएवढीच वाकून बाहेरनं आली आणि घागर धाडकन चौकटीला बसली. पाणी सांडलं. तिनं घागर खाली ठेवली, परत आत यायला लागली, तर कपाळ बसलं. ती तिथंच उंबऱ्यावर बसली आणि हसायला लागली. मग टेंगूळ चोळत म्हणाली, "गवंडी तुमी का मी?"

"फरशी तू मागितलीस."

"मागायच्या आदी इचारलं हुतं का?"

"तुला काय इचारायचं? तू काय मालकीण हायस का?"

असं मी बोललो. ती उठून आत गेली, या वेळी वाकून. नंतर कित्येक वर्षं हे भांडण आम्ही असंच, त्याच शब्दांत भांडलो. फक्त माझं शेवटचं वाक्य मी पुन्हा उच्चारलं नाही. तिनंही त्याची आठवण कधी काढली नाही, पण ती विसरली नव्हती हे मला ठाऊक होतं.

चौकट वर घ्यायची म्हणजे दारावरची लिंटलची तुळई फोडायची, पत्र्याला टेकू द्यायचे, चार दिवसांचं काम. दर दिवाळीला मी म्हणायचो, यंदा वर घेतो. ती म्हणायची, "घ्या घ्या. मी म्हातारी झाली की वाकणारच हाय, तवा उपेग हुईल." लोकांच्या कामातनं मला घरासाठी चार दिवस निघाले नाहीत. खोटं कशाला बोलू, निघाले असते. मला वाकावं लागत नव्हतं, म्हणून निघाले नाहीत.

शेवटी तिनंच जुन्या लुगड्याची चिंधी घेतली, चार पदरी घडी घातली आणि वरच्या लाकडाला मधोमध घट्ट गुंडाळली. चौकट बसवताना पूजेचं पिवळं कापड बांधतात, सुपारी-हळकुंड घालून, तसं ते दिसायचं. नवीन आलेल्या शेजारणीनं एका दसऱ्याला त्या चिंधीला हळदी-कुंकू लावलं. बायकोनं लावू दिलं. शेजारीण गेल्यावर मला म्हणाली, "बघा. तुमची चूक देवाला लागली." तेव्हापासनं दर दसऱ्याला ती स्वतःच चिंधीला कुंकू लावायची आणि लावताना माझ्याकडं बघायची.

ती गेली त्या दिवशी चौघांनी तिला बाहेर काढलं. मुलगा डोक्याकडं होता. "वाका, वाका" म्हणाला. चौघं वाकले. मी मागं होतो. मी ताठ बाहेर आलो.

मुलाचं नवं घर सोलापूरबाहेर कुंभारीला चालू होतं. जागा घेतली, पाया भरला, ते सगळं तिच्यासमोर. भावकीतले काही म्हणाले, वर्षाच्या आत चौकट पुजू नका. पण काम थांबवायचं नाही असं तीच सांगून गेली होती आणि पुढच्या दाराची चौकट मी बसवावी असंही. ठेकेदाराला हे पसंत नव्हतं. तरुण माणूस, कानाला कायम फोन. मला म्हणाला, "चाचा, ये पुराना स्टाइल जी. अब कौन करता? फरशी हुए बाद स्क्रू मारते, खतम."

"तुझं खतम तिकडं. ही एक मी बसवणार."

"बसवा, बसवा. मेरेकू क्या."

एक सांगतो, त्याची पद्धत चुकीची नाही. फरशी झाल्यावर चौकट बसवली तर माझ्यासारखी चूक व्हायची नाही. पण हे मी त्याला बोललो नाही.

गुरुजींनी सकाळी दहाच्या आतली वेळ दिली होती. मी सहाला स्टँडवर. एवढ्या लवकर रिक्षा कुंभारीला सुटत नाहीत, तर मी स्टँडच्या या टोकापासून त्या टोकाला नुसता फिरत राहिलो. कामावर पोचलो तेव्हा वॉचमन दात घासत होता. चौकट भिंतीला टेकवून ठेवलेली. सात फुटांची, नवी, मागनं डांबर लावलेलं. मी तिला हात लावून बघितलं, ओळंब्याची दोरी सोडवली, गुंडाळली, परत सोडवली. नऊ वाजता मुलगा आणि सून आले. सुनेच्या हातात ताट, आंब्याची पानं, नारळ.

मी पाण्याची नळी धरून जोत्यावर लेवलच्या खुणा केल्या. मग मुलाला विचारलं, "खाली काय टाकणार?"

"टाइल्स, अण्णा. ठरलंय की. अडीच इंच धरा."

"सगळीकडं?"

"सगळीकडं."

मी पेन्सिलीनं अडीच इंचाची रेघ मारली. नंतर काय झालं मला सांगता येत नाही. टेकू घ्यायला वळलो, तर सून चौकटीपाशी उभी होती. तिचं लक्ष माझ्या रेघेकडं. तोंड मिटलेलं. असलं मिटलेलं तोंड मी घरात पुष्कळ बघितलंय.

"काय गं?" मी म्हणालो. "तुला खाली काय पायजे?"

मुलगा म्हणाला, "अण्णा, साडेनऊ झालेत. तिला काय इचारता, टाइल्स सांगितल्या की."

"तू गप. मी तिला इचारतोय."

सून मुलाकडं बघायला लागली. मी म्हणालो, "त्याच्याकडं बगू नको. त्याच्या डोक्याला लागायचं न्हाय, तो बुटका हाय, माझ्यावर गेलाय." ठेकेदार फोन कानाला धरूनच हसला. सून हसली नाही.

सून कडक भाकरी करून दुकानांना देते. सकाळपासून दुपारपर्यंत जमिनीवर बसून थापते, सगळीकडं पीठ. नव्या घरात हे काम पुढच्या खोलीत होणार होतं.

ती म्हणाली, "मामा, टाइलवर पीठ सांडलं की पाय सरकतो. म्या तुमच्याकडं ऱ्हायला यायच्या आदी, भाड्याच्या घरात दोनदा पडले. पुढच्या खोलीत शहाबादी पायजे हुती. पण ह्ये टाइल्स बगून आले, मग म्या काय बोलले न्हाय."

मुलगा म्हणाला, "पडलीस? मला कुटं सांगितलंस?"

"तुमी कुटं इचारलं?"

मी ओळंबा खाली ठेवला. मुलगा घड्याळ बघत होता. ठेकेदार म्हणाला, शहाबादी पायजे तर खाली भर जास्त लागेल, पाच-साडेपाच इंच धरायला हवं, सामान बदलावं लागेल, वेळ टळून जाईल. मुलगा म्हणाला, "अण्णा, आत्ता बसवा, फरशीचं नंतर बगू."

"नंतर बगता येत न्हाय," मी ओरडलो. एवढ्या मोठ्यानं की वॉचमन बाहेरनं आत बघायला आला. "नंतर बगायचं म्हणून मी तीस वर्षं काढली. रेघ पुसा. वेळ टळली तर टळू दे. मी अडीच इंचाला चौकट लावणार न्हाय."

मुलगा ठेकेदाराला म्हणाला, "साडेपाच धर." आणि खाली बसून स्वतःच्या रुमालानं माझी रेघ पुसायला लागला. पेन्सिल पुसत नव्हती. त्यानं थुंकी लावली.

मी नवी रेघ मारली. दोन्ही खांबांखाली विटांचे तुकडे आणि माल भरून चौकट साडेपाच इंच उचलून धरली. मोकळ्या जोत्यावर ती फार उंच, येड्यासारखी दिसत होती. ठेकेदार म्हणाला, "चाचा, हत्ती आनेवाला क्या?" टेकू लावले. ओळंबा सोडला. मी तोंड वर करून म्हणालो, "धर गं नीट, डावीकडं, थोडं डावीकडं." चौकट धरून सून उभी होती. ती डावीकडं सरकली.

"बास. हलू नको."

दोरी थांबली. खांब सरळ होता. आडवी पट्टी ठोकली. सुनेनं वर हात करून पिवळं कापड बांधलं, हळदी-कुंकू लावलं. नारळ फुटला तेव्हा दहा वाजून गेले होते. किती गेले होते ते कुणी बघितलं नाही.

पहिला थर मीच लावला. पाण्याचा तांब्या घेऊन आली तेव्हा सून हळूच म्हणाली, "आत्यांनी जायच्या आदी मला सांगून ठेवलं हुतं. म्हणल्या, चौकटीच्या दिवशी फरशीचं तूच आदी बोल. तुजे मामा इचारणार न्हाईत. तुमी तर इचारलं."

"मग बोलली का न्हाईस आदी?"

"भ्या वाटलं."

मी पाणी प्यालो. पुढचा थर लावला. लोखंडी पट्टी गाडायची होती, ती दोनदा चुकीच्या जागी धरली. ठेकेदार बघत होता.

संध्याकाळी सोलापुरात घरी आलो. दारात थांबलो. नेहमीसारखा ताठ आत जाणार होतो. मग काय वाटलं कोण जाणे, बाहेरची एक वीट आणून उंबऱ्याशी कडेवर ठेवली आणि तिच्यावर चढलो. कपाळ चिंधीला लागलं. चिंधी तेलकट झालेली, मधोमध खोलगट. कुंकू वाळून काळं पडलेलं. मी तसाच थोडा वेळ उभा राहिलो. गल्लीतल्या पोरी बघत होत्या. मग उतरलो.

रात्री जेवताना मुलानं विषय काढला. पाच-सहा महिन्यांत कुंभारीला जायचं, हे घर भाड्यानं द्यायचं. मी म्हणालो, द्या.

तो म्हणाला, "ती वरची चिंधी तेवढी काढून टाकू. घर बगायला लोक येतील, घाण दिसते."

"चिंधीला हात लावायचा न्हाय," मी म्हणालो. "आणि घर देताना उंच बाई असलेल्यांना देऊ नका."