दोर धरणाऱ्या वहिनी

शहराला पाणी पुरवणाऱ्या आमच्या धरणावरचे एकुलते एक पाणबुडे सगळ्यांना ठाऊक आहेत. मला सांगायचं आहे ते त्यांच्या बायकोबद्दल. आम्ही सगळे त्यांना वहिनी म्हणतो.

नवरा पाण्याखाली असतो तेव्हा त्याच्या कमरेचा दोर वहिनींच्या हातात असतो आणि व्हॉल्व्हच्या खोलीची किल्ली त्यांच्या गळ्यात. ही इथली रीत. शहराकडे जाणाऱ्या पाइपाच्या तोंडावर, खोल पाण्यात, लोखंडी जाळी आहे. ती साफ करत असताना कुणी व्हॉल्व्ह उघडला, तर आत धावणारं पाणी माणसाला जाळीवर दाबून धरतं. मग दहा जणांनी ओढलं तरी तो सुटायचा नाही. वरून पाहावं तर पाणी कसं निवांत पसरलेलं असतं.

खालून मधूनमधून एक हिसका येतो, म्हणजे ठीक आहे. वहिनी एक हिसका परत देतात. घरात चार हाका मारल्या तरी ओ देत नाहीत, खाली गेले की लगेच बोलायला लागतात, असं त्या हसत सांगतात.

गेल्या उन्हाळ्यात मी धरणावरच्या सामानाच्या तपासणीला गेलो होतो. वाहून आलेल्या फांद्यांनी जाळी बुजली होती. व्हॉल्व्ह बंद करून पाणबुडे उतरले, पण काम लांबलं. शहरातल्या टाक्यांनी तळ गाठला, हॉस्पिटलमधून फोनवर फोन येऊ लागले. इंजिनिअर भला माणूस, पण त्याच्याही तोंडचं पाणी पळालं. अर्धी जाळी तरी मोकळी झाली असेल, व्हॉल्व्ह अगदी थोडा उघडू, असं तो वहिनींना समजावू लागला.

"साहेब, थोडं म्हणजे किती, ते पाण्याला कळत नाही," वहिनी म्हणाल्या. "ते वर आले की किल्ली तुमची."

तेवढ्यात दोर गप्प झाला. वहिनींनी हिसका दिला. उत्तर नाही. पुन्हा दिला. ओढून घ्या, असं मी घाबरून म्हणालो. त्यांनी मानेनेच नको म्हटलं, डोळे मिटले आणि किल्ली मुठीत आवळली. मग माझा हात धरून दोरावर ठेवला.

आधी मला काहीच कळेना. मग जाणवली, फार बारीक, एका लयीतली थरथर. त्या काळोख्या पाण्याच्या तळाशी एक माणूस काम करत होता आणि तो माझ्या बोटांना लागत होता.

"करवत चालवतायत," वहिनी पुटपुटल्या. "दोन्ही हात गुंतलेत."

थरथर थांबली. हिसका आला. काही वेळाने पाणबुडे वर आले, ओठ निळे पडलेले. वहिनींनी त्यांना टॉवेलात गुंडाळलं, धक्क्यापासून दूर नेऊन बसवलं आणि मगच किल्ली काढून दिली.

इंजिनिअरने व्हॉल्व्हचं चाक फिरवलं. पायाखालची भिंत घुमू लागली. कापलेल्या फांद्या पाण्यावर तरंगत होत्या. त्या सावकाश वळल्या आणि पाणबुडे जिथून वर आले होते, त्या जागेकडे निघाल्या. वहिनी बघत राहिल्या. मग त्यांनी नवऱ्याला आणखी थोडं मागे सरकायला सांगितलं.