ठकूबाईने झुरळं घालवली त्याची गोष्ट

थोरल्या माधवरावांच्या अमदानीत धायरीचा सर्जेराव बारगीर कर्नाटकच्या स्वारीवरून घरी आला, तो एक शिसवी पेटारा घेऊन. पेटारा गावभर दाखवून झाला. मग त्याच्या बायकोने, ठकूबाईने, त्यातलं लुगडं उचलून झटकलं, तर सात-आठ झुरळं अंगणात पळाली.

"लूट लूट म्हंत्यात ती हीच का?" तिने विचारलं.

"तिकडची हायती. हितल्या थंडीत मरतील," सर्जेराव म्हणाला.

थंडी आली आणि गेली. झुरळं मात्र उतरंडीत, कणगीमागे, सर्जेरावाच्या पागोट्यातसुद्धा नांदू लागली. शत्रूवर घोडा घालणारा हा गडी झुरळ दिसलं की बाजेवर चढे. वर म्हणे, "भाला कुठनं येतोय ते दिसतं तरी. ह्याला उडता येतंय!"

ठकूबाईने कडुलिंबाचा धूर केला. झुरळं भिंतीच्या भेगांतून शेजारच्या दत्तोबाच्या घरात गेली. दत्तोबाने धूर केला, तशी माहेरपण उरकून लेकुरवाळी होऊन परत आली. असं तीनदा झालं. दोन्ही घरांचं बोलणं बंद पडलं. भिंतीपलीकडून फक्त खोकला ऐकू येई.

अशात ठकूबाईच्या नथीची तार तुटली. ती पुण्याला शुक्रवार पेठेत अनंत सोनाराकडे गेली. पुरचुंडी सोडली, तर नथीच्या आधी झुरळच बाहेर आलं.

सोनाराने वर न बघता विचारलं, "यातलं दुरुस्त काय करायचंय?"

ठकूबाईला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. डोळ्यांत पाणी आणून तिने सगळी हकिकत सांगितली. सोनार जरा नरमला. त्याने पांढऱ्या खड्यांची डबी पुढे केली.

"हा टाकणखार. सोनं जोडायला लागतो. एकदा गुळाच्या ढेपेवर सांडला, दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात झुरळं उताणी. कणकेत हा खार आणि गूळ घालून गोळ्या करा. पोराबाळांच्या हाती मात्र लागू देऊ नका."

घरी येताच ती दत्तोबाच्या दारात उभी राहिली. "भावजी, दोन्ही घरांत एकाच दिशी गोळ्या ठेवू."

"तुमच्या झुरळांपायी मी का खपू?"

"बरं. तुमची वळखून बाजूला काढा, बाकीची मी मारते."

दत्तोबा हसला आणि तिथेच भांडण मिटलं. दोघांच्या घरच्यांनी भेगा शेणामातीने लिंपल्या, उरलेल्या भाकऱ्या झाकल्या, कोंबड्या डालल्या आणि उंच कोनाड्यांत, उतरंडीमागे गोळ्या ठेवल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी ठकूबाईने सुपली भरून झुरळं केरात टाकली. महिनाभर हेच चाललं, तेव्हा कुठे घर निवलं.

मग नऱ्ह्याहून, खडकवासल्याहून तिला बोलावणी येऊ लागली. पण लोकांना मंत्र हवा असे. "मंत्र न्हाई," असं तिने सांगितलं की कुणी भिंतीला हात लावत नसे. शेवटी तीही ओठ हलवत घरभर फिरू लागली. मग मात्र माणसं मुकाट कामाला लागत. एकदा दत्तोबाच्या बायकोने जवळ जाऊन कान दिला. ठकूबाई डोळे मिटून पुटपुटत होती, "भेगा लिंपा, भांडी झाका, भेगा लिंपा, भांडी झाका."