'इथे नांगर टाकू नये'

जाळं कितीही झटकलं तरी शिंपल्या अडकून राहतातच, तसं झालंय माझं. ठाण्याचं तार ऑफिस सोडून कल्याणला आलेलो, पण खाडीतले किस्से काही सुटत नाहीत! पलीकडे जाणारी तार तिथे पाण्याखालून, जाड केबलमधून जायची. होड्यांच्या नांगरांपासून ती सांभाळायची, ही माझी आणि नावाडी पास्कूची नोकरी.

* * *

साहेबांनी खाडीत बांबू रोवून फळी लावली: 'इथे नांगर टाकू नये.' सकाळी बघतो तर एका चुनेवाल्याने होडी त्या बांबूलाच बांधलेली!

"अरे, वाचता येत नाही का?"

"येतं की! म्हणून तर नांगर टाकला नाही!"

* * *

टेंभी नाक्याच्या एका अण्णांना भारी काळजी. "पाण्यातून जाताना शब्द भिजत नाहीत?"

पास्कू म्हणाला, "भिजतात ना! म्हणून तर साहेबाचा हुकूम एवढा गार येतो!"

* * *

एकदा वादळात आमचीच होडी वाहत निघाली. पास्कूने नांगर टाकला आणि तो नेमका केबलमध्ये अडकला. दोर ताणला, होडी कलली. पास्कूने कोयता घेतला आणि दोर तोडला. नांगर त्याच्या बापाचा होता.

सरकारने नवा दिला. चांगला भक्कम! पण तो पाण्यात सोडताना पास्कू दरवेळी तोंड फिरवायचा.

अजून आठवतं ते तोंड फिरवणं.

* * *

आणि मोनिकाबाय! पास्कूची बहीण. तिचा पोरगा आंतोन बोटीवर खलाशी म्हणून गेलेला, त्यानंतर त्याची काही खबर नाही.

एका वर्षी केबल तुटली. जोडायला दोन्ही टोकं होडीत ओढून घेतलेली. मोनिकाबाय मासळी विकून परतत होती, तिने आपली होडी आमच्या होडीला लावली आणि मला म्हणाली,

"मास्तर, मला जरा बोलायचंय."

साहेब वैतागले. "बाई, तार तुटलेली आहे! काही जाणार नाही!"

"बोलू द्या तिला," पास्कू म्हणाला.

ती तुटक्या टोकावर वाकली. "आंतोन, वादळात घर पडलं रं. नवं बांधलंय. दार आता खाडीकडं हाय. मागं नुसती भिंत. तिकडं ठोकत बसू नको."

मग तिने त्या टोकाला कान लावला.

भरती चढत होती. तार जोडणारा कारागीर हत्यार धरून थांबलेला. साहेबांनी हातातलं घड्याळ खिशात टाकलं.

बऱ्याच वेळाने तिने मान वर केली.

"हं. जोडा आता."