बिनपट्टीची बाटली

"बाटली पायरीवर ठेव. आणि मागं सर."

परळच्या नाक्यावरच्या औषधाच्या दुकानातला कंपाउंडर मला दर वेळी हेच सांगायचा. मी गिरणीत सूत गुंडाळणारी बाई, जातीनं महार. पैसे पायरीवर, बाटलीही पायरीवर. तो उंचावरून धार धरायचा. निम्मं औषध बाहेर सांडायचं. बाटलीला बोट लावायचा नाही.

इतरांच्या पिण्याच्या औषधाच्या बाटलीवर तो कागदाची पट्टी चिकटवायचा. पट्टीला खाचा. एक खाच, एक डोस. अक्षर न ओळखणाऱ्यालाही कळायचं, पट्टीची बाटली पोटात, बिनपट्टीची अंगाला चोळायची. पण पट्टी चिकटवायची तर बाटली हातात धरावी लागते. म्हणून आमच्या सगळ्याच बिनपट्टीच्या.

माझी सहा वर्षांची सोनी खोकल्यानं बेजार झाली. कंपाउंडरनं दोन बाटल्या भरल्या, एक पिण्याची, एक छातीला चोळायची. दोन्ही सारख्या. कुठली कशाला, ते घाईत एकदाच पुटपुटला. घरी येऊन मी चोळायचं औषध तिच्या तोंडात ओतलं. माझ्या या हातानं. वास उग्र होता, पण औषध म्हटलं की वास आलाच, असं वाटलं. पोरगी तडफडली. जगली, पण घसा भाजला. साधं पाणी गिळतानाही रडायची.

तिच्या घशासाठी औषध आणायला गेले, तेव्हा झालेलं सांगितलं. कंपाउंडर पायरीवरची बाटली भरता भरता हसला.

"तुम्हा लोकांना अक्कल नाही, त्याला दुकान काय करणार?"

तोवर मीही स्वतःलाच शिव्या देत होते. त्याच्या हसण्यानं डोक्यात तिडीक गेली. हात माझा चुकला, खरं. पण चुकायची सोय यानंच करून ठेवली होती.

मी पायरीवर बसले. मधोमध. आता मला शिवल्याशिवाय आत जाणार कोण? गिऱ्हाइकं रस्त्यातच थांबली. एक म्हातारा ओरडला, "ऊठ गं, विटाळ केलास!"

मी म्हटलं, "बाटलीला पट्टी लावल्याबिगर मी उठायची नाय."

ऊन चढलं. मालक बाहेर आला, थांबलेली गिऱ्हाइकं बघून म्हणाला, "लाव रे तिच्या बाटलीला पट्टी." कंपाउंडरनं फडक्यात धरून बाटली उचलली, पट्टी लावली आणि माझ्यादेखत कोपरापर्यंत हात धुतले.

मी उपकार मानले नाहीत. वस्तीतल्या बायकांना सांगून ठेवलंय, औषधाला जाताना मला हाक मारा. पट्टी नसेल, तर मी पुन्हा बसणार. शिपाई आणा, नाहीतर साहेब आणा. मला उठवायचं असेल, तर आधी मला शिवा.