वाळीत नाही, फक्त ग्रुपमधून काढलं

समाजशास्त्र शिकवणाऱ्यांनो, आज लाखांदूरजवळच्या एका गावातून आले. अजून डोकं तापलेलं आहे.

बीएच्या मुलींना घेऊन पाहणीला गेले होते. गावात कोणाला वाळीत टाकलंय का, असा आमचा प्रश्न. घरोघरी एकच उत्तर, नाही.

एका घरी कमलाबाई म्हणाल्या, "वाळीत नाही जी, फक्त ग्रुपमधून काढलं."

काहून? कशासाठी? मी विचारलं.

गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अ‍ॅडमिननं तलावावर वाघ आल्याचा फोटो टाकला होता. बाईंनी खाली लिहिलं, "हा वाघ एआयनं बनवला आहे." झालं! मोठ्या माणसाले खोटं पाडलं म्हणून बाई बाहेर.

तलावाचं पाणी कोणाच्या शेतात कधी सोडायचं, हे आता त्या ग्रुपवरच सांगतात. बाईंची पाण्याची पाळी आली नि गेली, त्यांना कळलंच नाही. रोवलेल्या धानाखाली जमिनीला भेगा पडल्या आहेत.

तेवढ्यात अ‍ॅडमिन दारात येऊन उभे. "मॅडम, आमी इचं पाणी बंद नाही केलं, बोलणं बंद नाही केलं. 'नाही'च लिहा."

आमच्या पुस्तकातली व्याख्याही रोटी, बेटी, पाणी तोडण्यापाशीच थांबते.

लिहून घेणारी माझी विद्यार्थिनी त्याच गावची. ती हळूच म्हणाली, "मॅडम, आमच्या बाबाची पाण्याची पाळी उद्या आहे."

आणि तिनं 'नाही' लिहिलं.

सांगा, तिला मी ते खोडायला सांगू?